बीपीएम जुळलं, तरी गाणी भांडतात

'दोन्ही गाणी १२५ बीपीएमची आहेत, सॉफ्टवेअरही तेच दाखवतंय, मग एकातून दुसऱ्यात जाताना गोंधळ का होतो?' डीजेचं काम नव्याने शिकणाऱ्या वाचकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. कोणी नवा कंट्रोलर घेतलेला असतो, कोणी दोन टर्नटेबलं आणि मिक्सर जमवलेला असतो, कोणाला मित्राच्या हळदीत हौस भागवायची असते. अडतं सगळ्यांचं एकाच ठिकाणी.

बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके, एवढंच. तो आकडा जुळला म्हणजे वेग जुळला. ठोक्यावर ठोका पडतोय का, दोन्ही गाण्यांची आवर्तनं एकदम संपतात का, बासवर बास चढतोय का, सूर एकमेकांना सोसतात का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. पुढचं सगळं या चार गोष्टींबद्दल आहे, आणि क्रम शक्यतो मोडू नका.

यंत्रावर पैसे घालण्याआधी

- टर्नटेबल: रेकॉर्डवर शिकायचं तर डायरेक्ट ड्राइव्हचंच घ्या, म्हणजे ज्यात मोटर थेट तबकडीखाली असते. बेल्टवर चालणारं यंत्र घरी एलपी ऐकायला उत्तम. पण रेकॉर्ड हाताने धरून सोडली की त्याला वेग पकडायला वेळ लागतो. हौसेने घेतलेल्या सुटकेससारख्या प्लेअरवर तर बहुधा पिच फेडरच नसतो, त्यामुळे तिथे हा विषयच संपतो.
- पिच फेडर: वेग थोडाथोडा कमी-जास्त करणारी ही सरकपट्टी. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आलं आणि १९७९ च्या एमके२ मॉडेलमध्ये उणे ८ ते अधिक ८ टक्क्यांची लांब पट्टी आली. क्लबांमध्ये हेच यंत्र रुळलं. जुनं एमके२ विकत घेत असाल तर पट्टी शून्याच्या आसपास सरकवून बघा. तिथे एक खाच असते आणि नेमका तिथेच बारीक बदल करणं जड जातं.
- मिक्सर: प्रत्येक चॅनेलला गेनची कळ, लो-मिड-हाय असा तीन पट्ट्यांचा ईक्यू आणि हेडफोनवर वेगळं ऐकण्याची, म्हणजे क्यूची सोय हवी. बाकी दिव्यांची आरास नसली तरी चालतं.
- हेडफोन: कान पूर्ण झाकणारा आणि वायरचाच. ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दशांश भाग किंवा त्याहूनही जास्त उशिरा पोचतो. त्याच्यावर ठोके जुळवणं शक्यच नाही, आणि नवशिक्यांना वाटतं की दोष आपल्या कानाचा.

कंट्रोलर असेल तर खालच्या सगळ्या कृती त्याच्यावरही जशाच्या तशा करता येतात. फक्त स्क्रीनवरचा बीपीएमचा आकडा आणि लहरींची चित्रं कागदाने झाका. डोळे मदतीला आले की कान आळशी होतात.

आधी 'एक' सापडू द्या

हाउस, डिस्को, टेक्नो आणि आजचं बहुतेक नाचाचं संगीत चारच्या हिशेबात चालतं. हाउसमध्ये चारही ठोक्यांवर किक ड्रम असतो, दुसऱ्या-चौथ्यावर टाळी किंवा स्नेअर. चार ठोक्यांचा एक बार. आठ बार, म्हणजे ३२ ठोके झाले की गाण्यात काहीतरी बदलतं: हाय-हॅट येते, बास सुरू होतो, आवाज गळतो, गायिका येते. १२५ बीपीएमला आठ बार म्हणजे साधारण १५ सेकंद.

तबलजी कुठेही घुसत नाही, समेची वाट बघतो. तुमचं दुसरं गाणंही तसंच पहिल्याच्या समेवर यायला हवं. बारचा पहिला ठोका ही लहान सम, ३२ ठोक्यांनंतरचा पहिला ठोका ही मोठी. यंत्राला हात लावण्याआधी आठवडाभर फक्त ऐका आणि मोजा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं आठपर्यंत. बसमध्ये, भांडी घासताना, कुठेही. 'आता बदल येणार' हे तुम्हाला बदल येण्याआधी कळू लागलं की पुढचं शिकायला तुम्ही तयार झालात. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण गाळतात आणि नंतर सगळा दोष पिच फेडरवर टाकतात.

कानाने वेग जुळवण्याची रीत

सरावासाठी एकाच गाण्याच्या दोन प्रती वापरा. कंट्रोलरवर तर तेच गाणं दोन्ही डेकवर चढवता येतं. एका डेकचा पिच दोन-तीन टक्के बिघडवून ठेवा आणि मग:

1. पहिलं गाणं स्पीकरवर चालू द्या. दुसरं फक्त हेडफोनमध्ये घ्या. एक कान हेडफोनला, एक कान खोलीला.
2. दुसऱ्या रेकॉर्डवरची पहिली किक शोधा. बोटांनी रेकॉर्ड मागेपुढे करून किकचा 'धप्' नेमका कुठे सुरू होतो ते पकडा आणि तिथेच धरून ठेवा. खाली फेल्टची स्लिपमॅट असेल तर तबकडी फिरत राहते, रेकॉर्ड थांबलेली राहते.
3. पहिल्या गाण्याच्या 'एक'वर रेकॉर्ड सोडा. नुसती सोडू नका, हलकेच पुढे ढकलत सोडा, नाहीतर ती नेहमी थोडी मागे पडते.
4. ऐका. दोन्ही किक एकत्र असतील तर एकच भरीव ठोका येईल. नसतील तर 'ध-धप्' असा दुहेरी.
5. दुहेरी येतोय, पण नवं गाणं पुढे आहे की मागे हे कळत नाही? सगळ्यांचंच असं होतं. तबकडीच्या कडेला बोट हलकेच टेकवून रेकॉर्ड किंचित हळू करा. ठोके जवळ आले तर नवं गाणं पुढे होतं. लांब गेले तर मागे होतं; मग लेबलजवळ बोट ठेवून फिरण्याच्या दिशेने ढकला.
6. ठोके जुळले की हात काढा आणि वाट बघा. थोड्या वेळाने पुन्हा फाटले, तर वेगात फरक आहे. ज्या दिशेने बोट लावावं लागलं, त्याच दिशेला पिच फेडर सरकवा.
7. आधी एक टक्क्याने, मग अर्ध्याने, मग पाव टक्क्याने. बदल दरवेळी निम्मा करत जा.

पायरी पाच आणि सहा यांतला फरक नीट लक्षात घ्या. नवशिक्यांची निम्मी चिडचिड इथून येते. बोटाने जागा सुधारते, फेडरने वेग सुधारतो. ठोका मागे पडला म्हणून फेडर जोरात वर नेला तर क्षणभर जुळल्यासारखं वाटतं आणि मग गाणं पुढे पळत सुटतं. मग फेडर खाली, मग पुन्हा वर. उलट वेगात फरक असताना नुसतं बोटाने ढकलत राहिलात तर गाणं संपेपर्यंत तुमचा हात सुटणार नाही.

किती अचूक जुळवायचं? १२५ बीपीएमला दोन ठोक्यांत ४८० मिलिसेकंदांचं अंतर असतं. दोन गाण्यांत बीपीएमच्या दशांशाचा फरक राहिला तर मिनिटाभरात ठोके ४८ मिलिसेकंदांनी सरकतात आणि तेवढ्यात दुहेरी आवाज कानाला कळू लागतो. अर्ध्या बीपीएमचा फरक असेल तर तो दहा सेकंदांतच कळतो. म्हणजे मिश्रण अर्ध्या मिनिटाचं असेल तर दशांशाचा फरक चालून जातो. दोन मिनिटांचं असेल तर अधूनमधून बोट लावत राहावं लागतं. रेकॉर्डवर वाजवणारे अनुभवी डीजेही सतत बोट लावतातच, त्यात कमीपणा काही नाही.

एकाच गाण्याच्या दोन प्रती अगदी नेमक्या जुळल्या की किक अचानक पोकळ होते आणि वरून 'शूऽऽ' असा सरकत जाणारा आवाज येतो. तो ऐकू आला की समजा, कान तयार होतोय. आता वेगळी गाणी घ्या.

हॉलमध्ये वाजवताना आणखी एक फसगत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोठे स्पीकर तुमच्यापासून दहा मीटरवर असतील तर त्यांचा ठोका तुम्हाला सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, हेडफोनमधला मात्र लगेच. तुम्ही मन लावून जुळवता आणि नाचणाऱ्यांना ते फाटलेलं ऐकू येतं. म्हणून डेकशेजारी एक मॉनिटर स्पीकर मागून घ्या. तो नसेलच तर मिक्सरवरची क्यू-मिक्सची कळ मध्यावर ठेवून दोन्ही गाणी हेडफोनमध्येच जुळवा.

मिश्रण: बास एका वेळी एकाचाच

वेग जुळला, ठोका जुळला, तरी दोन्ही फेडर वर केल्यावर आवाज गढूळ होतो, कारण दोन किक आणि दोन बासलाइन एकाच जागेसाठी धडपडतात. मिक्सरचा मीटर लाल होतो तो बहुतेक वेळा इथेच.

- नवं गाणं वर आणण्याआधी त्याचा लो पूर्ण खाली करा. गेन हेडफोनमध्ये आणि मीटरवर तपासा. जुन्या एलपीचा आवाज आजच्या गाण्यापेक्षा बराच हळू असू शकतो.
- पहिल्या गाण्याच्या ३२ ठोक्यांच्या सुरुवातीला नवं गाणं सोडा. त्याचा चॅनेल फेडर आठ बारांत हळूहळू वर न्या. आता नव्याची हाय-हॅट आणि टाळी जुन्याच्या बासवर चालते आहे.
- पुढच्या मोठ्या समेवर एकाचा लो खाली, दुसऱ्याचा वर, दोन्ही हात एकदम. बहुतेक लोकांना बदल कळतो तो याच क्षणी, म्हणून तो समेवरच यावा.
- मग जुन्याचा मिड, मग हाय, मग फेडर. घाई नको, पण जुनं गाणं रेंगाळतही ठेवू नका.

दोन गायक एकदम नकोत. एकाचं गाणं आणि दुसऱ्याचं फक्त वाद्य, एवढं पथ्य पाळलंत तरी तुमची निम्मी मिश्रणं सुधारतील. सत्तरच्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांच्या कामातून बारा इंची सिंगल रूढ झाली. तिच्यावर एकच गाणं असल्याने खाचा रुंद, आवाज आणि बास दणदणीत, आणि बहुतेक गाण्यांना आधी-नंतर नुसत्या ठोक्यांचा लांब पट्टा. तो पट्टा दुसऱ्या गाण्याला जागा देण्यासाठीच आहे. त्यामुळे शिकताना बारा इंची रेकॉर्डी किंवा गाण्यांच्या 'एक्स्टेंडेड' आवृत्त्या घ्या.

पट्टी बघा, पण तिच्या आहारी जाऊ नका

रेकॉर्डचा वेग वाढला की सूरही चढतो. साधारण सहा टक्क्यांनी एक अर्धा स्वर. म्हणजे काळी एकचं गाणं सहा टक्के जास्त वेगाने वाजवलंत तर ते पांढरी दोनमध्ये गेलं. कंट्रोलरवर 'की लॉक' दाबून पट्टी जागेवर ठेवता येते, पण फार ओढलं तर गायकाचा आवाज खरखरतो. तीन-चार टक्क्यांच्या आत राहणं बरं; १२४ चं गाणं १२६ वर न्यायला जेमतेम १.६ टक्के लागतात.

एकाच पट्टीतली गाणी सहज मिसळतात, आणि पंचमाच्या अंतरावरचीही, जशी पांढरी एक आणि पांढरी पाच. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे ८ए, ९ए असे आकडे हेच सांगतात: शेजारचा आकडा म्हणजे पंचमाचं अंतर, आणि तोच आकडा ए ऐवजी बी असेल तर तेच स्वर वापरणारी मेजर पट्टी. मात्र हे महत्त्वाचं तेव्हाच, जेव्हा दोन्ही गाण्यांतले सूर एकमेकांवर येतात. नुसत्या ठोक्यांवर गाणं आणत असाल तर पट्टीच्या चिंतेत चांगलं गाणं सोडून देऊ नका.

आपल्या गाण्यांचं काय?

रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आणि टीआर-९०९ हे १९८३ मध्ये आलं. अशा यंत्रांवर बनलेल्या गाण्याचा वेग शेवटपर्यंत हलत नाही. पण साठ-सत्तरच्या दशकातलं हिंदी-मराठी चित्रपटगीत माणसांनी वाजवलेलं. अंतऱ्यानंतर ढोलकीवाला रंगात येतो, गाणं दोन बीपीएम वर जातं आणि तुमची सगळी जुळणी निसटते. न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी क्लबात १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो यांनी दोन रेकॉर्डी ठोक्याला ठोका लावून मिसळण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा त्यांच्याकडेही माणसांनीच वाजवलेली रॉक आणि सोलची गाणी होती. तेव्हा हे अशक्य नाही, पण लांब मिश्रणाचा हट्ट धरू नका. पर्याय असे:

- चार किंवा आठ ठोक्यांचा लूप: डिजिटल डेकवर मुखड्याआधीचा स्थिर तुकडा लूप करा आणि त्यावर जुळवा. जुळलं की लूप सोडा.
- सरळ काप: पहिल्याची ओळ संपली, पुढच्या समेवर दुसरं सुरू. फेडर एका झटक्यात. नीट समेवर पडलेला काप फसलेल्या लांब मिश्रणापेक्षा केव्हाही चांगला.
- इकोवर सोडणं: पहिल्या गाण्याचा शेवटचा शब्द इकोत विरू द्या आणि त्या मोकळ्या जागेत वेगळ्या वेगाचं गाणं आणा.

ठेकाही बघा. केहरवा आठ मात्रांचा, तो चारच्या हिशेबात बसतो. दादरा सहा मात्रांचा. अनेक कोळीगीतं अशाच सहाच्या डुलत्या अंगाची असतात. ती हाउसच्या सरळ किकवर ठेवली की सॉफ्टवेअरचा आकडा काहीही म्हणो, कोणाची पावलं कुठे पडावीत हेच कळत नाही. सहाची गाणी सहाच्या गाण्यांना जोडा. चारवर परतताना सरळ काप घ्या. आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसत असेल, म्हणजे ८७ च्या जागी १७४, तर घाबरू नका. ती एकच लय असते, मोजणी वेगळी.

ठोके न जुळवताही रात्रभर लोकांना नाचवता येतं, याचा दाखला गोव्यातच आहे. तिथले डीजे गोवा गिल वर्षानुवर्षं डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर वाजवत राहिले. त्या यंत्रांवर पिच फेडर नव्हता. एका गाण्याची ठोक्यांविना विरणारी शेपटी आणि दुसऱ्याचा तसाच संथ आरंभ एकमेकांवर ठेवून ते पुढे जात. त्यासाठी गाणी मात्र तोंडपाठ असावी लागतात.

सिंकचं बटण दाबावं का?

खुशाल दाबा. सिंक म्हणजे फसवणूक असं मानणाऱ्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. पण ते बटण नेमकं काय करतं ते ओळखा: सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या रेषा, म्हणजे बीटग्रिड, एकमेकांवर आणतं. रेषाच चुकीच्या पडल्या असतील तर चूकही तितक्याच नेमकेपणाने जुळते. जुन्या गाण्यांवर आणि ढोलकी-ढोलाच्या गाण्यांवर हे हमखास होतं. शिवाय ३२ ठोक्यांची मोठी सम कुठली, हे तुम्ही खूण केल्याशिवाय त्याला कळत नाही. माझं मत विचाराल तर आधी कानाने शिका आणि मग सिंक वापरा. ग्रिड घसरल्यावर भर कार्यक्रमात हात कुठे न्यायचा, हे तरच सुचेल.

परवाने, वेळ आणि तुमचे कान

- संगीताचा परवाना: रेकॉर्ड विकत घेतली किंवा ॲपचं सभासदत्व घेतलं म्हणजे ते गाणं सार्वजनिक कार्यक्रमात वाजवण्याचा हक्क मिळत नाही. क्लब, हॉटेल, तिकिटाचे कार्यक्रम यांना परवाना लागतो. ध्वनिमुद्रणासाठी आणि शब्द-संगीतासाठी तो वेगवेगळ्या संस्थांकडून, उदाहरणार्थ पीपीएल आणि आयपीआरएसकडून, घ्यावा लागू शकतो. जागेकडे कोणता परवाना आहे ते लेखी विचारा.
- लग्न: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभांना सवलत आहे, आणि वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरले आहेत. मात्र तिच्या मर्यादेवर कोर्टात वाद झाले आहेत. गोवा सरकारने याबाबत काढलेलं परिपत्रक २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. तेव्हा 'लग्न आहे, काही लागत नाही' या तोंडी आश्वासनावर उभे राहू नका.
- स्वतःचं रीमिक्स: दुसऱ्याच्या गाण्याचं रीमिक्स करून ते प्रसिद्ध करायचं तर मूळ हक्कधारकाची परवानगी लागते.
- वेळ: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहात रात्रीही वाजवता येतं, पण आवाज आतच राहायला हवा.
- कान: ८५ डेसिबल आठ तास सोसतात असं धरलं जातं आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. हेडफोन गरजेपुरताच लावा आणि संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग वापरा. फोमचे साधे प्लग हाय-हॅट खाऊन टाकतात, आणि जुळवताना तुम्हाला तीच ऐकायची असते.

पैसे घेऊन वाजवणार असाल तर कार्यक्रमाआधी एका कागदावर एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या: संगीताचे आणि ध्वनिक्षेपकाचे परवाने कोण काढणार, आगाऊ रक्कम किती आणि कार्यक्रम रद्द झाल्यास ती कोणाची, डेकशेजारी मॉनिटर कोण देणार, सामान बिघडल्यास भरपाई कोणाची, आणि दहा वाजता यजमानांनी 'अजून दोनच गाणी' म्हटल्यावर नकार कोणी द्यायचा.